आबांची पडशी

आमच्या जुन्या घरात, ओसरीवरच्या दुसऱ्या खुंटीला आबांची पडशी टांगलेली असायची. पहिल्या खुंटीला कंदील, तिसऱ्या खुंटीला बैलांच्या वेसणी आणि दावी. मधली खुंटी पडशीची. वर्षातले अकरा महिने ती रिकामीच लोंबकळायची. पोरांनी तिला हात लावायचा नाही असा दंडक होता. जेठ महिना लागला, रोहिणीच्या पेरण्यांची बोलणी सुरू झाली, की आजी एक दिवस ती खाली काढायची, झटकायची, उन्हात टाकायची. मग आम्ही ओळखायचो, आबांची वारी जवळ आली.

पडशी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. जाड्याभरड्या कापडाची लांबट पिशवी. दोन्ही टोकांना दोन पोटं, आणि तोंड मधोमध. ती खांद्यावर टाकली की एक पोट छातीवर येतं आणि एक पाठीवर. बंद नाही, बक्कल नाही. तोल सांभाळला तर दिवसभर खांद्यावर राहते, नाही सांभाळला तर दर शंभर पावलांवर घसरते. आबांची पडशी गावातल्या शिंप्यानं शिवलेली होती आणि खांद्यावर जिथं ती टेकायची तिथं आजीनं जुन्या लुगड्याच्या घड्या घालून गादीसारखं शिवून दिलं होतं.

आमचं गाव खेड तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. भीमाशंकरला उगम पावलेली हीच नदी खाली पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. आबा म्हणायचे, "पाणी आपल्या गावावरनंच जातंय तिकडं. त्याला कुठं पडशी लागते? आपल्याला लागते." गावातून आळंदी एका दिवसाच्या चालीवर. तिथून पुढं पंढरपूर, साधारण अडीचशे किलोमीटर. जेठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी आळंदीतून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. म्हणजे अठरा-वीस दिवस घराबाहेर, तेही ऐन पावसाच्या तोंडावर. एवढ्या दिवसांचा संसार एका खांद्यावर बसवायचा होता.

*

वारी किती जुनी, याचा हिशेब लावत बसलं तर ज्ञानदेवांच्याही मागं जावं लागतं. त्यांच्या आधीपासून माणसं पंढरीला चालत जातच होती. पालखीचा सोहळा त्या मानानं अलीकडचा. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पादुका पालखीत घालून न्यायला सुरुवात केली. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून माऊलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेले गृहस्थ. दिंड्यांचा क्रम, मुक्कामाची शिस्त, चोपदाराचा शब्द, रिंगण, यांत लष्कराची छाप दिसते ती त्यामुळंच असं सांगतात. सोहळ्याला घोडे आणि तंबू आले ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून, आणि ती सेवा अजून त्यांच्याकडं आहे.

म्हणजे देवाच्या मुक्कामाला तंबू होता. माणसांचा मुक्काम मात्र ज्याच्या त्याच्या खांद्यावर. काही मोठ्या दिंड्यांबरोबर बैलगाड्या असायच्या, त्यांत राहुट्या, भांडी, धान्य. बाकीची माणसं देवळात, धर्मशाळेत, कुणाच्या ओसरीवर, नाहीतर झाडाखाली पाठ टेकायची. पुस्तकांत सोहळ्याचा इतिहास सापडतो, पालखीचा सापडतो, रथाचाही सापडतो. पडशीत काय होतं ते कुणी लिहून ठेवलेलं मला फारसं दिसलं नाही. म्हणून मला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवतो.

आबांच्या पडशीत दोन धोतरं नसायची, एकच असायचं. दुसरं अंगावर. तसंच बंडीचं. एक अंगावर, एक पडशीत, हा हिशेब. डोक्याला पटका. पटक्याची कामं मोजून दाखवावीत अशी होती. उन्हात डोकं, थंडीत कान, ओढ्यावर पाणी गाळायला, विहिरीवर तांब्याला दोरी कमी पडली तर दोरीऐवजी, आणि रात्री उशाला. एक पंचा. तांब्याचा तांब्या, त्याच्या गळ्याला सुताची दोरी. पितळी ताटली. लोखंडी पळी नको, उलथनं नको, ती दिंडीत सामाईक. सुई आणि दोरा, बंडीच्या आतल्या बाजूला खोवलेला. बुक्क्याची पुडी, गोपीचंदनाचा खडा, हरिपाठाचं मळकट पुस्तक, टाळ. टाळ हेच खरं जड सामान. पण ते पडशीत कधी जायचे नाहीत, गळ्यातच असायचे. चंची कमरेला.

औषध म्हणून सुंठेचा तुकडा, ओवा, हळद आणि बाटलीत थोडं एरंडेल. पोटाला सुंठ-ओवा, जखमेला हळद, पायाला एरंडेल. रात्री झोपताना तळव्यांना तेल चोळायचं आणि पाय उंचावर ठेवून पडायचं, यात आबांनी कधी खंड पाडला नाही. "पंढरीला तोंड न्हेत न्हाई, पाय न्हेत्यात," असं ते म्हणायचे.

शिदोरी दोन प्रकारची. पहिल्या तीन-चार दिवसांची तयार: दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी, गूळ. पाण्याऐवजी दुधात भिजवलं की भाकरी लवकर बुरसत नाही. पुढची शिदोरी पिठाची: बाजरी-ज्वारीचं पीठ, थोडी डाळ, मीठ, तिखट. हा शिधा आळंदीत दिंडीच्या कोठीत जमा करायचा, किंवा आपल्याजवळ ठेवून रोज लागेल तसा द्यायचा. एकादशीसाठी भगर आणि शेंगदाणे वेगळ्या पुरचुंडीत.

आणि या सगळ्यावर घोंगडी. दख्खनी मेंढरांच्या लोकरीची, सणगरानं मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली काळी घोंगडी. नवी असताना अंगाला टोचायची. पण तिची खोळ करून डोक्यावर घेतली की रिमझिम पाऊस आत येत नसे. रात्री तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. अर्धी खाली, अर्धी वर. भिजली की मात्र दुप्पट जड व्हायची आणि मेंढरांच्या वाड्याचा वास यायचा. घोंगडीजवळ विंचूकाटा येत नाही असं आमच्याकडं पक्कं मानत. ते खरं असो नसो, माळावर झोपणाऱ्याला झोप लागायला तेवढा भरवसा पुरायचा.

बायकांचं सामान याहून कमी. एक लुगडं नेसलेलं, एक गाठोड्यात. ओढ्यावर धुतलं की दोघींनी दोन टोकं धरायची आणि वाऱ्यावर धरून चालायला लागायचं. कोसभर चाललं की वाळायचं. गाठोड्यात एक जुनं, मऊ झालेलं, फाटकं लुगडंही असायचं. ते कशासाठी हे सगळ्याजणींना ठाऊक असायचं आणि कुणी बोलत नसे. डोक्यावर तुळस असेल तर हातही मोकळे नसत. आजी दोनदाच वारीला गेली, पण पडशी कशी भरायची हे आबांना तिनंच शिकवलं होतं.

तिची रीत अशी. सगळं सामान आधी घोंगडीवर मांडायचं. पीठ पाठीमागच्या पोटात, कारण ते वाटेत काढायचं नाही. पुढच्या पोटात पंचा, ताटली, चटणी, औषध, जे सारखं लागतं ते. पीठ संपत जाईल तसं मागचं पोट हलकं होतं, मग पुढचं एकेक मागं ढकलायचं, नाहीतर पडशी पुढं ओढते आणि मान धरते. भरून झाली की आबांनी ती खांद्यावर टाकायची आणि मळ्यातल्या विहिरीपर्यंत जाऊन यायचं. जाऊन-येऊन अर्धा कोस. वाटेत एकदाही खाली ठेवावीशी वाटली नाही तर ठीक. ठेवावीशी वाटली तर आजी विचारायची, "काय काढू?" आबांनी एक वस्तू सांगायची. ती खाली काढायची. मग पुन्हा विहीर. मी लहानपणी त्यांच्या मागं पळत जायचो. तेव्हा तो खेळ वाटायचा.

*

चालत जाणं हाच एक मार्ग होता तोवर सगळ्यांची पडशी सारखीच होती. मग गाड्या आल्या. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ कुर्डुवाडीहून १९०६ मध्ये पंढरपूरला पोचला. ज्यांना पैसे आणि घाई दोन्ही होती ते गाडीनं एकादशीला जाऊ लागले. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत ती वाडीवस्तीपर्यंत गेली. आमच्या पणजोबांच्या काळात माणसं जाऊन चालतच परत यायची. पालखी अजून चालतच परत येते, पण बरोबर माणसं थोडी. आबांच्या पिढीनं परतीची वाट एसटीला दिली. त्यामुळं पडशीत एक नवी वस्तू आली. धोतराच्या घडीत, गाठ मारून, परतीच्या भाड्याचे पैसे.

आणखी एक वस्तू सरकारनं आणली. यात्रेत पटकी पसरायची, म्हणून टोचून घ्यावं लागायचं. टोचल्याचा कागद जवळ ठेवायचा. आबांना वाचता येत नव्हतं. तो कागद ते हरिपाठात ठेवायचे. पुढं घरात ते पुस्तक उघडलं तेव्हा अभंगांच्या पानांमधून असे चार-पाच पिवळे पडलेले कागद निघाले.

*

१९७२ च्या दुष्काळाचं सांगतो.

त्या साली पाऊस आलाच नाही. बाजरी हातभर वाढून करपली. दिवाळीनंतर विहिरीनं तळ गाठला. बैल विकले. तिसऱ्या खुंटीवरची दावी तशीच लटकत राहिली. माझे वडील आणि आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. कामावर सुकडी मिळायची. आई ती पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि घशातून उतरताना पाणी लागायचं. पाणीही कुठं होतं?

तसंच १९७३ चा जेठ महिना आला. आजीनं खुंटीवरची पडशी खाली काढली. वडील कामावरून आले, त्यांनी ती उन्हात टाकलेली पाहिली आणि ओसरीवरच उभे राहिले. हाताला खडीचे फोड होते. मला त्यांचे शब्द आठवतात.

"आबा, औंदा बी?"

आबा काही बोलले नाहीत.

"घरात चार पोरं हायती. डब्यात मिलोचं पीठ हाय चार दिसाचं. आन तुम्ही त्यातनं शिधा न्हेनार? देव काय म्हनंल?"

आबा एवढंच म्हणाले, "नेम हाय, बाळा."

"नेम पोटाला लागतो का?"

आजी मधे पडली. "गप रं," म्हणाली. कोणाला गप म्हणाली ते कळलं नाही. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

आजीनं पडशी भरली. पीठ तोलून घालायची ताकद नव्हती, म्हणून मापट्यानं घातलं. तीन मापटी. दशम्या नाहीत, गूळ नाही. लसणाची चटणी तेवढी होती. विहिरीपर्यंत जाऊन यायचा प्रश्नच नव्हता. पडशी खांद्यावर टाकली तर वाऱ्यानं उडेल अशी हलकी होती. आबा पहाटे निघाले. वडील झोपेतून उठले नाहीत, किंवा उठले तरी बाहेर आले नाहीत.

सकाळी आजीनं चुलीपुढचा डबा उघडला. आत पीठ जास्त होतं. दीड मापटं जास्त. आबांनी रात्री उठून अर्धं परत घातलं होतं. आजीनं आईला दाखवलं, आईनं वडलांना सांगितलं. वडील काही न बोलता हातोडा घेऊन कामावर गेले.

आषाढीनंतर चार-पाच दिवसांत एसटीनं येणारी माणसं आली. आबा आले नाहीत. पौर्णिमा होऊन आठ दिवस गेले, दहा गेले. तोवर पाऊस सुरू झाला होता. एका संध्याकाळी आबा वेशीतून येताना दिसले. डोक्यावर गोणपाटाची खोळ होती. अंग भिजलेलं, गालफडं बसलेली. पंढरपुराहून चालत आले होते. पडशीत चुरमुरे होते, कुंकू-बुक्क्याच्या पुड्या होत्या, आजीला काचेच्या बांगड्या होत्या. घोंगडी नव्हती.

"घोंगडी कुठाय?" आजीनं विचारलं.

"गेली हरवून," आबा म्हणाले.

आणि परतीच्या भाड्याचे पैसे? तेही निघताना आजीच्या हळदीच्या डब्यात ठेवून गेले होते. ते आम्हाला नागपंचमीला, पुरणाच्या वेळी हळद काढताना सापडले.

*

१९७८ मध्ये मी पंधरा वर्षांचा झालो आणि आबांबरोबर पहिली वारी केली. आजीनं मला वेगळी झोळी दिली. मी तिच्यात इस्त्री केलेला सदरा, आरसा आणि इतिहासाचं पुस्तक घातलं होतं. विहिरीच्या पहिल्या फेरीत पुस्तक गेलं, दुसऱ्या फेरीत आरसा. सदरा मी हट्टानं ठेवला. दिवेघाटात तो भिजला आणि पंढरपुरापर्यंत पुन्हा घालण्याजोगा झाला नाही.

पुणे ते सासवड हा सगळ्या वाटेतला लांबचा टप्पा, त्यात घाट. सासवडला पोचेपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. वहाणा नव्या कोऱ्या होत्या, टायरच्या तळाच्या. आबांनी काही ओरडा केला नाही. बंडीतली सुई काढली, दिव्याच्या ज्योतीवर धरली, फोडातून दोरा ओवून ठेवला म्हणजे पाणी झिरपून जातं, कातडी निघत नाही. वर हळद आणि एरंडेल. दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या वहाणा मला दिल्या आणि स्वतः अनवाणी चालले. "नवं पायात घालायचं न्हाई. म्हैनाभर आदी शेतात घालायचं, मंग वारीत," एवढंच म्हणाले.

जेजुरी झाली, वाल्हं झालं, नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं आणि लोणंदला मुक्काम पडला. रात्री पाऊस होता. आबांनी आपली घोंगडी माझ्यावर टाकली. ती घोंगडी चार वर्षांची होती. दिंडीतले विणेकरी बुवा शेजारी बसले होते. आबा पाण्याला गेल्यावर ते मला म्हणाले, "ही दुसरी. पहिली हितंच विकली तुझ्या आज्यानं."

मग त्यांनी सांगितलं. दुष्काळाच्या साली दिंडीच्या कोठीत कुणाचाच पुरता शिधा नव्हता. दिंडीप्रमुखांनी सांगितलं होतं, ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं द्यावं, पंगतीला सगळ्यांनी बसावं. आबांनी दीड मापटं पीठ दिलं. पण पंगतीत ते अर्ध्या भाकरीवर उठायचे. बुवांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. आबा म्हणाले, "अर्धा शिधा, अर्धी भाकर." बुवांनी समजावलं, रागावले. आबांनी ऐकलं नाही. लोणंदच्या मुक्कामात बाजारात जाऊन एका गाडीवानाला घोंगडी विकली, त्या पैशांची ज्वारी घेतली, चक्कीवर दळून आणली आणि कोठीत टाकली. त्या रात्री पोटभर जेवले. पुढं फलटणपासून पाऊस लागला. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, सगळं गोणपाट पांघरून केलं.

मी वारीहून परत आल्यावर आजीला हे सांगितलं. मला वाटलं तिला नवल वाटेल. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "पीठ काढताना मी जागीच होते. उठले असते तर त्यांना परत घालावं लागलं असतं."

"मग नेमच मोडायचा होता एक वर्ष," मी म्हणालो. मी तेव्हा वडलांसारखा विचार करायला लागलो होतो.

"तुझ्या बापाचं बरोबर हुतं," ती म्हणाली. "त्यांचंबी बरोबर हुतं. डबा तेवढा ल्हान हुता."

नवी घोंगडी तिनं घेऊन दिली होती. तिनं आणि आईनं पुढचं सबंध वर्ष खुरपणीच्या मजुरीतून पैसे बाजूला टाकले होते. वडलांनी त्यात काही घातलं की नाही, ते कधी कळलं नाही.

*

आबा १९८६ मध्ये गेले. तोवर वारीचं सामान बदलायला लागलं होतं. प्लास्टिकचा कागद आधीच आला होता. दोन वार कागद, डोक्यावर खोळ करून घेतला की घोंगडीपेक्षा बरा, वजनाला काहीच नाही, घडी बंडीच्या खिशात. घोंगडीची वारी तिथं संपली. मग दिंड्यांचे ट्रक आले. वळकट्या, राहुट्या, गॅसच्या शेगड्या, पाण्याचे टँकर सगळं चाकांवर गेलं. दिंडीत भिशी भरायची, म्हणजे जेवण, राहुटी आणि सामानाची ने-आण होते. पडशी खांद्यावरून उतरली. माणूस टाळ आणि पताका घेऊन मोकळा चालायला लागला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आज सत्तर वर्षांची म्हातारी वारी करते ती ट्रकच्या जोरावर.

पण ट्रक असला म्हणून खांदा पुरता मोकळा करायचा नाही, हे मला उशिरा कळलं. नोकरीतून निवृत्त होण्याच्या आधी एक वर्ष रजा काढून मी वारीला गेलो. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलानं ट्रेकिंगची मोठी सॅक दिली होती. झोपायची पिशवी, लवकर वाळणाऱ्या कापडाच्या पँटी, पावसाचं जॅकेट, बॅटरी, मोबाइलची बॅटरी, चार जोड्या मोजे. सॅक ट्रकमध्ये टाकली आणि रिकाम्या हातानं घाट चढलो. त्या दिवशी दिवेघाटात दुपारपासून पाऊस. सासवडला पोचलो तर आमचा ट्रक गर्दीत मागं अडकलेला. रात्री अकरापर्यंत आला नाही, मग सकाळीच आला. ओल्या कपड्यांत शाळेच्या व्हरांड्यात बसून दात वाजत होते. शेजारी परभणीकडच्या एक आजीबाई होत्या. त्यांच्याजवळ कापडी पिशवी होती, खांद्याला अडकवायची. तिच्यातून त्यांनी कोरडा पंचा काढला, प्लास्टिकचा कागद काढला, शेंगदाण्याची पुरचुंडी काढली. अर्धा कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाल्या, "माऊली, एका रात्रीचं सामान अंगावरच ठेवावं. बाकीचं जाऊ द्यावं गाडीनं."

एका रात्रीचं सामान. तेव्हापासून मी जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो. एक कोरडा कपडा, तोही प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. कागद. मूठभर शेंगदाणे-गूळ. पाणी. सुई-दोरा. रोजची गोळी असेल तर ती. घरच्यांचा फोन नंबर कागदावर लिहून, कारण मोबाइल भिजतो. पायात महिनाभर घातलेली जुनी चप्पल. सगळं मिळून एवढंच, की मळ्यातल्या विहिरीवर जाऊन आलं तरी खाली ठेवावंसं वाटू नये.

*

निवृत्तीनंतर पुन्हा निघालो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी गावी गेलो होतो. वडील ऐंशीच्या घरात. ते आयुष्यात एकदाही वारीला गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या घरातनं एक गेला तेवढा बास." आबांची पडशी मात्र त्यांनीच जपून ठेवली होती, जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हाही. नव्या घराला खुंट्या नाहीत, म्हणून ती कपाटात घडी करून.

मी ओसरीवर सॅक भरत होतो. ते खुर्चीत बसून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिरीवर जाऊन ये."

विहीर आता वापरात नाही, वाटेवर झुडपं वाढलीत. तरी गेलो. परत आलो तेव्हा खांदे भरून आले होते. त्यांनी विचारलं, "काय काढू?"

जाड पुस्तक काढलं, दुसरं जॅकेट काढलं, घडीची खुर्ची काढली. ते उठले, काठी टेकत आत गेले. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन, वर गाठ मारलेली. बाजरीचं पीठ होतं. दीड-दोन किलो असेल.

"दिंडीत भिशी भरलीय मी," मी म्हणालो. "पीठ लागत नाही आता."

"ऱ्हाउ दे," ते म्हणाले, आणि सॅकमध्ये पाठीकडच्या बाजूला, तळाशी, स्वतःच्या हातानं ते नीट बसवलं.

आळंदीत आमच्या दिंडीच्या कोठीत मी ते पीठ दिलं. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, वहीत लिहायला. मी आबांचं नाव सांगितलं. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, पीठ मोठ्या डब्यात ओतलं आणि रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, "ठेवा माऊली, पावसात उपयोगी पडेल."